आकडी आणि कोयता

तळेरे हे गाव शोधावे लागत नाही. रस्तेच माणसाला तेथे आणून सोडतात. मुंबई-गोवा महामार्ग गावातून उभा जातो. त्याला फुटलेली एक वाट पश्चिमेस विजयदुर्गाकडे उतरते. दुसरी पूर्वेस वैभववाडीवरून करूळचा घाट चढून गगनबावडा गाठते व पुढे कोल्हापुरास जाऊन मिळते. उत्तरेला याच महामार्गावर खारेपाटण आहे. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट तेथे सापडला. बाहेरून येणाऱ्या गलबतांवर घ्यावयाचा कर, आणि देवस्थानाला लावून दिलेली तेली, माळी, कुंभार, परीट यांची घरे, अशा दोन्ही गोष्टी त्यात आल्या आहेत. समुद्रावरून आलेला माल घाटावर जावयाचा तो या मुलखातून. ज्या लोखंडाविषयी मी लिहिणार आहे तेही पुढे याच वाटांनी आले.

अलीकडे घाटवाटा तुडविणाऱ्या तरुण मंडळींकडून एक प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. रानात दोन रात्री काढावयाच्या आहेत. सरपण तोडायचे, बांबू चिरायचा, कारवीतून वाट काढायची, तंबूच्या खुंट्या ठोकायच्या. या सगळ्यास पुरेल अशी एखादी मोठी सुरी कोणती घ्यावी, आणि ती खिशाला परवडावी कशी? त्यांच्या डोळ्यांसमोर परदेशी चित्रे असतात: काळे पाते, रबरी मूठ, मांडीला बांधलेले म्यान, आणि किंमत हजारांच्या घरात. माझे उत्तर एका शब्दाचे असते: कोयता. परंतु हा एक शब्द उच्चारून सुटका होत नाही, कारण कोयता म्हणजे एक वस्तू नव्हे. त्याची किती रूपे, आणि ती तशी का, हे समजावयाचे तर थोडे मागे जावे लागते.

प्रथम आकडीविषयी सांगतो, कारण परक्या माणसाच्या नजरेत ती प्रथम भरते. कोकणातला शेतकरी कोयता म्यानात ठेवीत नाही. कमरेभोवती दोरी, दोरीला पाठीमागे लाकडाची किंवा लोखंडाची आकडी, आणि त्या आकडीत उघडा कोयता लोंबकळत असतो. नवख्या माणसाला हे पाहून धडकी भरते. पडला बिडला तर काय, असे त्याच्या मनात येते. पण ही योजना वेडगळ नाही. येथे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने कातड्याच्या म्यानावर बुरशी चढते आणि आतले पाते गंजून जाते. आकडीतला कोयता भिजतो तसा वाळतोही. दुसरे असे की, झाडावर चढणाऱ्याला दोन्ही हात मोकळे लागतात, आणि फांदीवर उभे राहून, न पाहता, एका हाताने कोयता काढता व परत अडकविता आला पाहिजे. म्यानाचे तोंड पाठीमागे चाचपडत बसायला तेथे वेळ नसतो. उतरणीवर चालताना कोयता आकडीत वाजतो, खट् खट्, आणि माणूस दिसण्याआधी तो येत असल्याचे कळते.

झाडावर चढावयाचे कशाला? कवळ तोडावयाला. भातशेतीचा कोकणातला जुना पाया भाजावळ हा होता. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीस ऐन, किंजळ अशा झाडांच्या कोवळ्या फांद्या पाल्यासकट तोडावयाच्या, वाळवावयाच्या, शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, पेंढा यांच्याबरोबर पसरून वर माती लोटावयाची आणि मिरगाच्या आधी पेटवून द्यावयाचे. त्या राखेत पेरलेला तरवा तणावाचून उठतो. मळ्याच्या जमिनीला लागून वरकस जमीन लागे ती या कवळासाठी. पिढ्यान् पिढ्या तोडल्याने डोंगरउतारावरच्या झाडांचे नुसते खांब दिसत, वर एखादा झुपका. इंग्रज वनाधिकाऱ्यांना हे झाडांचे हालच वाटले. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधने आली, तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ चा. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल मुळातच थोडे, रान बहुतेक खाजगी मालकीचे. त्यामुळे इकडच्या कोयत्याला वनखात्याशी तेवढे झगडावे लागले नाही. कुळांना झगडावे लागले ते खोतांशी, आणि ती कथा वेगळी आहे.

या कामाने कोयत्याला आकार दिला. मनगटाएवढी हिरवी फांदी एका हाताने, वरून खाली, शक्यतो एका घावात तुटली पाहिजे. म्हणून वजन मुठीत नको, पात्याच्या पुढच्या अर्ध्या भागात हवे. टोकाला आत वळलेला वाक हवा, कारण लांबची फांदी त्याने ओढून घेता येते आणि जमिनीलगत झुडूप तोडताना तो वाकच आधी दगडाला लागतो, धार वाचते. हा जांभ्याचा प्रदेश आहे. येथे धारेचा पहिला शत्रू लाकूड नसून दगड. हाच कोयता माडाच्या बागेत गेला की त्याचा वाक कमी होतो, पाते रुंद व जड होते, कारण तेथे फांदी ओढायची नसून असोला नारळ फोडायचा असतो. माडी काढणाऱ्या भंडाऱ्याचे हत्यार त्याहून निराळे. माडाच्या पोयीचा पातळ काप काढावयाचा तर त्याला धार वस्तऱ्यासारखी लागते. सरपणावर ते चालविले तर तो माणूस तुम्हांला पुन्हा दारात उभे करणार नाही. बायांच्या हातात गवत आणि भात कापण्यासाठी विळा, माजघरात विळी. एकच लोखंड, परंतु प्रत्येक कामासाठी वेगळे वळण. 'सर्व कामांना एक' ही कल्पना या परंपरेत नव्हतीच; ती दुकानाची कल्पना आहे.

आता लोखंड. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वराच्या आसपास आणि कोल्हापूरच्या पश्चिमेकडील डोंगरांत, धावड नावाचे लोक जांभ्यातले लोहखनिज कोळशाच्या भट्टीत भाजून लोखंड काढीत. खनिजाची वाण या भागात कधीच नव्हती. वेंगुर्ले तालुक्यात रेडीची खाण आहेच. वाण पडली ती कोळशाची आणि गिऱ्हाइकाची. एकीकडे इंग्रजी लोखंडाच्या कांबी मुंबईहून स्वस्तात येऊ लागल्या, दुसरीकडे जंगलाचे कायदे झाले, १८६५ चा आणि मग १८७८ चा. लाकूड जाळून कोळसा पाडणाऱ्या धावडांच्या भट्ट्या विझत गेल्या. पुढे धावडाला शेतमजुरी करावी लागली. लोहाराला मात्र काही बिघडले नाही. त्याला कांब कोठची हे महत्त्वाचे नव्हते.

जुना कोयता सगळा पोलादाचा नसे. पोलाद महाग. अंग मऊ लोखंडाचे, आणि धारेच्या जागी पोलादाची पट्टी तापवून, ठोकून त्यात बसविलेली. पोलादाला मराठीत 'तिखे' असा सुंदर शब्द होता. तो आता फारसा ऐकू येत नाही. अंग मऊ असल्याने पाते वाकेल पण तुटणार नाही, आणि तिखे असल्याने धार टिकेल. स्वस्त आणि टिकाऊ या दोन्ही गोष्टी एकत्र आणण्याची ही युक्ती जगभरच्या लोहारांनी काढली होती. धार झिजली की कोयता टाकून देत नसत. तो 'शेवटून' घेत. शेवटणे म्हणजे झिजलेले टोक किंवा धार पुन्हा तापवून, ठोकून, लागलेच तर नवे तिखे घालून पहिल्यासारखी करणे. नांगराचा फाळ शेवटावा लागे, कुऱ्हाड, कोयता, विळा शेवटावा लागे, आणि हे सारे पावसाच्या आधी. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' १९१५ साली लिहिला. त्यातल्या बलुतेदारांत लोहार वरच्या ओळीत बसतो. आत्र्यांचा गाव देशावरचा आहे आणि कोकणातली घडी तितकी आखीव नव्हती, तरी सुगीला भात देऊन वर्षभर लोहाराकडून अवजारे सजवून घेण्याची रीत इकडेही होती.

या व्यवहाराचा एक परिणाम आपण विसरतो. वाईट कोयता देणाऱ्या लोहाराला तो वर्षभर फुकट दुरुस्त करावा लागे. म्हणून चांगला कोयता ओळखण्याची विद्या शेतकऱ्याला फारशी लागतच नव्हती. ती लोहाराजवळ होती आणि लोहार हाकेच्या अंतरावर होता. त्याला माहीत असे की अमक्याचा हात लांब आहे, तमक्याच्या वरकस जमिनीत ऐन अधिक, त्या घरचा मुलगा आता झाडावर चढू लागला आहे. कोयता त्या हाताच्या मापाने होई. पैसे मोजून तयार वस्तू उचलण्याचा दिवस आला तेव्हा निवड नावाची अडचण प्रथम जन्माला आली. आजच्या तरुणाच्या प्रश्नाचे मूळ मला येथे दिसते.

लोहारांत गावचे लोहार वेगळे आणि घिसाडी वेगळे. घिसाडी फिरस्ते. रस्त्याच्या कडेला पाल टाकावे, जमिनीत ऐरण रोवावी, बाईने भाता चालवावा किंवा घण मारावा, पुरुषाने सांडशीत लोखंड धरून फिरवावे, आणि चार दिवसांत काम संपले की पाल उचलावे. घण मारणारी बाई हे दृश्य ज्याने पाहिले नाही त्याने हस्तव्यवसायांवर लिहू नये, असे माझे मत आहे. घिसाड्याचा माल स्वस्त पडतो, डोळ्यांदेखत होतो. पण तो पुढच्या पावसाळ्याआधी परत याच जागी येईल याची हमी नाही.

कोयता शस्त्र की अवजार, हा वाद नवा नाही. १८४४ साली गडकऱ्यांचे बंड कोल्हापुरात आणि सावंतवाडीत पेटले, तो हाच टापू. १८५७ नंतर सरकारने हत्यारे काढून घेण्याचे कायदे केले. त्यांतला सर्वांत नावाजलेला लॉर्ड लिटनच्या वेळचा १८७८ चा. त्यात बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, धनुष्यबाण ही नावे आली. कोयता आला नाही. येऊच शकत नव्हता. तो काढून घेतला असता तर त्या वर्षी कवळ नाही, तरवा नाही, भात नाही आणि सारा नाही. सरकारला ते परवडणारे नव्हते.

याच जातीच्या पात्याचे दुसरीकडे निराळे दैव झाले. कोडगूमधील कोडव लोकांची ओडिकत्ती पाहा. रुंद, आत वळलेले पाते, आणि ते पाठीवर पितळी आकड्यात अडकविलेले. आपल्या आकडीची ती सख्खी बहीण शोभावी. पण तेथे ते झाडीत वापरावयाचे पाते योद्ध्याचे भूषण झाले. १८६१ मध्ये कोडवांना शस्त्रबंदीतून सूट मिळाली, आणि लग्नाच्या पोशाखात आजही असे पाते मिरविले जाते. क्यूबात तर ऊस तोडणाऱ्यांनी १८६८ साली स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला तेव्हा त्यांच्या हातात बंदुका थोड्या आणि माचेती पुष्कळ. माक्सिमो गोमेसने त्या माचेतींनिशी हल्ला चढविला आणि शेतातले अवजार त्या देशाच्या स्वातंत्र्याची खूण होऊन बसले. ती माचेती तरी कोठली? अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात कॉलिन्स कंपनी १८४५ पासून माचेती बनवून दक्षिणेकडे जहाजे भरभरून पाठवीत असे. आज रानात नेण्याच्या मोठ्या सुरीचे जे परदेशी चित्र आपल्या मुलांना भुरळ घालते, त्याचे पूर्वज म्हणजे हे मळ्यांचे स्वस्त, एकाच छापाचे पाते. सपाट पत्र्यातून कापलेले, लांब, पातळ, मऊ झाडोऱ्यासाठी उत्तम. त्याने ऐनाची फांदी तोडून पाहावी!

कोकणातला कोयता यांतल्या कोणत्याच वाटेने गेला नाही. त्याला मिरवणुकीत मान मिळाला नाही. मान मिळाला तो खंडेनवमीला, नांगर-विळ्यांबरोबर, हळदकुंकवाचा. आणि बाळंतिणीच्या उशाशी, लोखंड म्हणून.

मोटारी आल्या आणि लोहाराला एक घबाड सापडले. मालमोटारीच्या चाकावरची कमान पट्ट्या एकावर एक रचून केलेली असते. पट्टी तुटली की ती भंगारात जाते. या पट्टीचे पोलाद धक्के सोसण्यासाठीच बनविलेले, कर्बाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या थोडे वर. कोयत्याला यापेक्षा चांगले काही हवे असे मला वाटत नाही. तिखे वेगळे बसविण्याची मेहनत वाचली, सगळे अंगच पोलादाचे झाले. मात्र एक पेच आला. जुने तिखे लाल करून पाण्यात विझवीत. कमानपट्टी तशी विझविली तर तडकण्याचा संभव असतो. म्हणून लोहार ती तेलात विझवू लागले. 'पाणी देणे' हा शब्द राहिला, देतात ते तेल. चुंबक ज्या तापावर लोखंडाला सोडतो तो ताप सुमारे ७७० अंशांचा. त्याच्या थोडे वर नेऊन विझविले की पाते काचेसारखे कडक आणि काचेसारखेच ठिसूळ होते. मग ते परत हलके तापवावे लागते. घासून चकचकीत केलेल्या जागेवर रंग चढत जातो: आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. सुरीला पिवळ्यावर थांबावे. घाव घालणाऱ्या कोयत्याला जांभळ्यापर्यंत न्यावे. या रंगांचे ज्ञान असलेला लोहार आणि नसलेला लोहार यांच्या कोयत्यांची किंमत बाजारात सारखीच असते, आणि दिसायलाही ते सारखेच दिसतात. गिऱ्हाइकाची खरी पंचाईत ती हीच.

करूळचा घाट चढून गेले की उसाचा मुलूख लागतो आणि कोयता या शब्दाचा अर्थच बदलतो. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने. त्यानंतर कारखाने वाढत गेले आणि बीडसारख्या कोरड्या जिल्ह्यांतून माणसे दर हंगामाला ऊस तोडावयास येऊ लागली. मुकादम माणसे मोजीत नाही. तो कोयते मोजतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. उचल द्यावयाची ती कोयत्यावर. तो तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर वाहते, आणि हिशेबात दोघे मिळून एक. एकटा आला तर अर्धा कोयता. अवजाराच्या नावाने माणूस मोजण्याची आणि त्यात बाईला अदृश्य करण्याची ही रीत मला कोणत्याही गुन्ह्याच्या बातमीपेक्षा अधिक अस्वस्थ करते. कोकणी माणसाने ऊस तोडला नाही असे नव्हे. १८३४ नंतर मॉरिशसला मजूर गेले त्यांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातली मराठी कुटुंबे पुष्कळ होती. तेथेही त्यांची मोजणी मळेवाल्याच्या वहीतच झाली.

गुन्ह्याच्या बातम्यांचा उल्लेख केला, तो प्रकारही सांगितला पाहिजे. २०२२-२३ च्या सुमारास पुण्यात कोवळ्या वयाची मुले कोयते नाचवीत रस्त्यावर दहशत घालू लागली, वर्तमानपत्रांनी 'कोयता गँग' हे नाव रूढ केले, आणि कोयता विकत घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहून नोंद ठेवावी असे २०२३ साली पोलिसांनी विक्रेत्यांना सांगितले. १८७८ साली ज्याला सरकारने हात लावला नाही, त्याचे नाव आता पोलिसांच्या वहीत आले. कायदा काय म्हणतो? स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ चा. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू त्याने शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. नियमांत मापही आहे: पाते नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद असेल तर ते धारदार शस्त्रांच्या वर्गात जाते, पण घर, शेती, शास्त्र, उद्योग यांच्या कामाचे असेल तर नाही. ही गंमत पाहा. कवळ तोडावयाचा कोयता मापाने बहुधा शस्त्र ठरतो आणि कामाने अवजार. म्हणजे लांबी-रुंदी हा प्रश्न नाही. तो कशासाठी आहे आणि या क्षणी कोठे आहे, हा प्रश्न आहे. शिवाय पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली वेळोवेळी मनाई हुकूम निघतात, त्या काळात हातात उघडा कोयता घेऊन बाजारातून फिरणे शहाणपणाचे नव्हे. आणि अभयारण्यात तर नेऊच नये. तळेऱ्याच्या दक्षिणेला फोंडाघाट चढून गेले की दाजीपूरचे रान लागते. १९५८ पासून ते गव्यांसाठी राखलेले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ३१ व्या कलमाप्रमाणे परवानगीवाचून हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, आणि हत्यारांच्या यादीत त्या कायद्याने सुऱ्याही घातल्या आहेत आणि आकडेही. आकडे अर्थात मासे-सावज पकडण्याचे. पण कोयता आणि आकडी एका यादीत आलेली पाहून मला हसू आले खरे.

तळेऱ्याच्या परिसरात एका लोहारशाळेत मी गेलो होतो. म्हातारा एकटाच, भात्याच्या जागी विजेचा पंखा, बाकी सगळे जुने. कोयत्यांची चळत पडली होती. मी किंमत विचारली. त्याने ती सांगितली नाही.

"भाऊनू, आधी सांगा, खय वापरूचो आसा? कवळ तोडूक होयो, नारळ फोडूक होयो, का नुसतो भिंतीक लावूक होयो?"

कायद्याने जो प्रश्न इतक्या कलमांत विचारला तो म्हाताऱ्याने एका वाक्यात विचारला. मी म्हटले, रानात मुक्कामाला नेणाऱ्या मुलांसाठी. त्याने चळतीतले चार बाजूला सारले आणि दोन पुढे ठेवले. दोन्ही सहाशे रुपयांच्या आतले. ते चार का नकोत, हे त्याच्याकडून काढून घ्यायला मला तासभर लागला. त्याचे सार आणि माझी भर, दोन्ही येथे देतो.

सरपण, बांबू, खुंट्या, थोडा झाडोरा, एवढेच काम असेल तर वाक उथळ घ्यावा. खोल वाकाचा कोयता झाडावर राजा, पण ओंडक्यावर ठेवून लाकूड चिरताना टोकच आधी टेकते आणि सरळ धार वर राहते. पात्याची लांबी आठ-नऊ इंच पुष्कळ झाली. त्याहून लांब घेऊन पाठपिशवीत न मावणारी वस्तू आणि चौकीवर नको ती विचारपूस, दोन्ही कशाला ओढवून घ्यावी? वजन अर्धा किलो ते त्याच्या थोडे वर. पाठ मुठीजवळ जाड, पाच-सहा मिलिमीटर, आणि टोकाकडे पातळ होत गेलेली असावी. सबंध पाते एकाच जाडीचे दिसले तर ते घडविलेले नसून पत्र्यातून कापलेले आहे असे समजावे. कापलेला कोयता वाईटच असतो असे नाही, पण त्याचे वजन जेथे हवे तेथे नसते, आणि मनगट संध्याकाळी ते सांगते.

धारेजवळ निळा डाग दिसला की तो कोयता परत ठेवावा. विजेच्या सहाणेवर घाईने घासताना धार तापली आणि तिचे पाणी उतरले, असा त्याचा अर्थ. काळा रंग फासलेला असेल तर डाग दिसणारच नाही, म्हणून रंगविलेला घेऊ नये. कानस बरोबर न्यावी. दुकानदाराला राग येईल, येऊ द्यावा. धारेवर कानस हलकेच ओढली असता ती जरा धरली पाहिजे. नुसती घसरली तर धार ठिसूळ, पहिल्या गाठीवर तुकडा उडेल. लोण्यासारखी रुतली तर पाणी दिलेलेच नाही. पाते दोरीला टांगून खिळ्याने वाजवावे. नाद सलग यावा. चिरका आला तर कोठेतरी तडा आहे. डोळ्याजवळ धरून धारेच्या रेषेतून पाहावे. रेषा वाकडी असेल तर घाव तिरपा जातो.

मूठ ही बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट, आणि रानात अपघात होतात ते तिच्यामुळे. पात्याचे शेपूट मुठीतून आरपार जाऊन मागे वळविलेले असावे. नुसते राळेत रोवलेले शेपूट उन्हाळ्यात सैल होते, कारण लाकूड आटते. मग घावाच्या वेळी पाते उडून जाते, आणि ते कोणाच्या दिशेने उडेल ते सांगता येत नाही. तोंडाशी शामी घट्ट हवी. मूठ शेवटाकडे जराशी फुगीर व वळलेली हवी म्हणजे ओल्या हातातूनही निसटत नाही. चकचकीत रोगण केलेली मूठ मी तरी खरवडून टाकतो. गंज न चढणाऱ्या पोलादाच्या पात्यांची आता चलती आहे. समुद्राकाठी, मासळी कापावयास ती ठीक. पण असल्या स्वस्त पात्याला धार लावता लावता संध्याकाळ होते, आणि गावातला लोहार ते शेवटून देणार नाही.

शेवटून देणारा लोहार किती दिवस राहील, हा मात्र कोयत्यापेक्षा मोठा प्रश्न आहे. भाजावळ कमी झाली, कवळ तोडणारा माणूस मिळत नाही, गवत पेट्रोलवरचे यंत्र कापते. वर्षाला शंभर घरांची अवजारे येत तेथे आज रस्त्यावरचे गिऱ्हाईक येते, एक कोयता उचलते आणि जन्मात परत येत नाही. त्या गिऱ्हाइकाला निळ्या रंगाचा आणि जांभळ्या रंगाचा फरक कळत नसेल तर लोहाराने तरी जांभळ्यावर थांबण्याचे कष्ट का घ्यावेत? म्हाताऱ्याचा मुलगा कणकवलीत नोकरी करतो. त्याला हे काम येते. तो करीत नाही, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही.

मी त्या दोहोंतला एक घेतला. म्हाताऱ्याने तो लगेच दिला नाही. पुन्हा एकदा कानस फिरवली, मुठीचे मागचे टोक ठोकून पाहिले, आणि मग सांगितले की पहिले दोन दिवस हिरव्या लाकडावरच चालवावा, सुक्या बांबूला लगेच लावू नये. पाऊस सुरू होण्याआधी उंडेल किंवा करंजेल चोळावे. आणि पुढच्या वैशाखात धार मागे सरली असेल तर घेऊन यावे, तो असला तर शेवटून देईल.